पारा तोच, दिवस जास्त

शनिवार, १६ एप्रिल १८५३ : मुलुंडची मिठागरं

तुम्ही मिठागराच्या बांधावर उभे आहात आणि तोंड मुंबईकडे आहे. डाव्या हाताला ठाण्याची खाडी. उजव्या हाताला भेगाळलेली भातखाचरं, त्यांच्यामधून गेलेला नवाकोरा रूळ आणि त्यापलीकडे डोंगर. मुलुंडला स्टेशन नाही, घाटकोपरला फलाट नाही. आहेत ती गावं, ताडाची झाडं आणि एप्रिलचं ऊन. आगरी बायका मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून ये-जा करताहेत. हंगाम त्यांचाच आहे, कारण ऊन जितकं कडक तितकं मीठ लवकर पिकतं.

खाडीचं पाणी बांधावरून आत येतं का, असं तुम्ही त्यांच्यातल्या एकीला विचारता. वर्षातून एखाद्या मोठ्या उधाणाला येतं, ती सांगते, एरवी भरती बांधाखालीच थांबते. हे उत्तर जपून ठेवा, पुढे लागेल.

तिकडे बोरीबंदरला एकवीस तोफांची सलामी झाली आहे. ३ वाजून ३५ मिनिटांनी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन ठाण्याकडे निघाली आहेत. या रेल्वेची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना सुचली ती इथून जवळच, १८४३ साली भांडुपला आले असताना. आता गाडी तुमच्यासमोरून जाते. बायका पाट्या खाली ठेवून बघत राहतात. काळा धूर थोडा वेळ खाचरांवर रेंगाळतो, मग समुद्रावरून आलेला वारा त्याला खाडीकडे घेऊन जातो.

धूर विरला, पण त्यातला कार्बन डायऑक्साइड विरला नाही. आज, म्हणजे १८५३ साली, हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८५ भाग आहे. १८५० ते १९०० या पन्नास वर्षांचं सरासरी तापमान शास्त्रज्ञ पुढे ‘औद्योगिकीकरणापूर्वीची पातळी’ म्हणून धरणार आहेत. जग १.५ अंशांनी तापलं, २ अंशांनी तापलं असं तुम्ही पेपरात वाचता, तेव्हा ते मोजायला सुरुवात होते ती तुम्ही आत्ता उभे आहात त्या काळापासून. कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासून आहे, आणि तिथे तापमापकही टांगलेला आहे.

आजचा उकाडा अंगावर नीट घ्या. सदरा पाठीला चिकटलाय, पण दुपारचा खारा वारा सुटलाय. संध्याकाळी गवती छपराखाली जमीन निवेल आणि रात्री अंगणात झोप लागेल. शून्य अंश म्हणतात तो हा. पुढच्या प्रवासात ठिकाण उपनगरातलंच राहील आणि महिनाही हाच. बदलेल ते फक्त वर्ष.

सोमवार, १४ एप्रिल १९५२ : अंधेरी

दोन दिवस अलीकडे उतरलात, त्याला कारण आहे. अंधेरी दोनच वर्षांपूर्वी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली आहे. बोरिवली आणि मुलुंड अजून बाहेरच आहेत, ती १९५७ मध्ये येतील. स्टेशनच्या पूर्वेला थोडी वस्ती, मग शेतं, तबेले आणि मंगलोरी कौलांची घरं. गिल्बर्ट टेकडीचा काळा कडा चारही बाजूंनी मोकळा दिसतो. आज बाबासाहेब आंबेडकरांचा एकसष्टावा वाढदिवस.

सकाळचे अकरा वाजलेत आणि काहीतरी बिनसलंय. या वेळेला पश्चिमेकडून वाऱ्याची पहिली झुळूक यायला हवी. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. मुंबईचा उन्हाळा नागपूरच्या उन्हाळ्यासारखा होत नाही तो या रोजच्या वाऱ्यामुळे. पण मार्च-एप्रिलमधले काही दिवस असे येतात, की घाटापलीकडची तापलेली कोरडी हवा पूर्वेकडून जोरात वाहत येते आणि समुद्रवाऱ्याला दारातच अडवते. तो दोन-तीन तास उशिरा आला, तरी तेवढ्यात पारा चढायचा तेवढा चढतो. मुंबईत चाळिशी ओलांडणारे दिवस बहुतेक असेच असतात.

दुपारी सांताक्रुझच्या वेधशाळेत पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला तापमापक वाचला जातो. देशात अजून फॅरनहाइटचा जमाना आहे आणि पारा १०८ वर आहे. आजच्या मोजमापात ४२.२ अंश सेल्सिअस.

आता तुमच्या मनातला प्रश्न विचारून टाका. १९५२ साली जगात ना एवढ्या मोटारी, ना एसी, ना अंधेरीत काचेच्या इमारती. तरी ४२.२! आणि हा आकडा सांताक्रुझला त्यानंतर पुन्हा दिसलेला नाही. मार्चचा उच्चांकही असाच जुना आहे, ४१.७ अंश, २८ मार्च १९५६. मग हवामान बदललं म्हणजे नेमकं झालं काय? ‘आमच्या लहानपणीही असंच ऊन होतं’ असं म्हणणारे आजोबा खोटं बोलत नाहीत. असं ऊन होतंच.

फक्त असा दिवस क्वचित यायचा. आजच्या दिवसाला घटना म्हणावं लागतं ते त्यामुळेच. उद्या-परवा वारा पुन्हा वेळेवर येईल, कौलाखालची हवा निवेल आणि अंधेरीचे लोक या दिवसाची आठवण पुढची कित्येक वर्षं सांगतील. विक्रम म्हणजे एका दिवसाचा पराक्रम. हवामान कळायला त्या दिवसाच्या आगेमागे काय होतं ते बघावं लागतं.

रविवार, १६ एप्रिल २०२३ : घाटकोपर

असल्फ्याच्या टेकडीवरची पत्र्याची खोली. खाली चुलत्याचं कुटुंब, वर पोटमाळ्यावर तुम्ही. सकाळचे साडेदहा, आणि डोक्यावरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. शेजारच्या मावशी पहाटेच बसने खारघरला गेल्यात. आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्रभूषण पुरस्कार द्यायचा आहे, मैदान उघडं आहे आणि त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, उन्हात बसलेत.

संध्याकाळी टीव्हीवर बातम्या सुरू होतात. उन्हाने मेलेल्यांचा आकडा रात्रभर आणि पुढचे काही दिवस वाढत राहतो आणि सरकारी हिशेबात १४ वर थांबतो. तुम्ही तापमान शोधता, तर त्या भागात नोंद आहे ३८ अंशांच्या आसपास. एकोणीसशे बावन्नपेक्षा चार अंश कमी! मग माणसं का मेली?

कारण शरीराला नुसता पारा कळत नाही. घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून वेगळा आकडा मोजतात. ओल्या फडक्याचा हा पारा ३५ अंशांना पोचला की सावलीत बसून, पाणी पिऊनही निरोगी माणूस फार तास टिकणार नाही, असा सैद्धांतिक हिशेब होता. पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा २०२२ मध्ये दिसलं, की दमट हवेत शरीर ३१ अंशांच्या आसपासच हार मानायला लागतं. म्हाताऱ्या, आजारी आणि उन्हात तासन्‌तास बसलेल्या माणसांची मर्यादा त्याहून खाली.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मुंबईच्या दारातला अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणजे किनाऱ्यावर उष्णता आणि दमटपणा हातात हात घालून वाढतात. भारतीय हवामान विभागालाही हे मान्य आहे: मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला पारा ४० वर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतो, आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असावा लागतो.

खारघरनंतर महिन्याभरातच ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने त्या एप्रिलच्या दमट उष्णतेचा हिशेब मांडला. पृथ्वी तापली नसती, तर भारत-बांगलादेशाच्या पट्ट्यात अशी लाट शंभर वर्षांत एकदाही धड आली नसती. आता ती साधारण पाच वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. माणसाने केलेल्या तापमानवाढीने तिची शक्यता किमान ३० पटींनी वाढवली. आणि जग २ अंशांपर्यंत गेलं, तर ती किमान दर दोन वर्षांनी येईल.

शंभर, पाच, दोन. अंशांपेक्षा हे आकडे लक्षात ठेवा.

मंगळवार, १६ एप्रिल २०२४ : वर्सोवा ते घाटकोपर

बरोबर एक वर्ष पुढे. आज सांताक्रुझला ३९.७ अंश, गेल्या दहा वर्षांतला एप्रिलमधला सर्वांत तापलेला दिवस. तुम्ही मेट्रोत आहात. डब्यात गार वारा आहे आणि काचेखाली उपनगर सरकतंय. चकाल्याला ऑफिसांच्या काचा उन्हं परतवताहेत. मरोळ नाक्याला फुटपाथवर डिलिव्हरीची पोरं बाइकच्या सावलीत बसलीत. साकीनाक्याला गाळ्यांच्या पत्र्यांवर हवा थरथरतेय. असल्फ्याला टेकडीभर खोल्या, निळ्या ताडपत्र्या आणि पाण्याच्या काळ्या टाक्या. अकरा किलोमीटरच्या या रस्त्यावर एकाच शहराचे दोन उन्हाळे दिसतात. हवामान विभागाचा आकडा एक आहे, पण पोटमाळ्यावरचं तापमान कुठल्याच केंद्रावर नोंदलं जात नाही. एसीवाल्या इमारती आपली उष्णता गल्लीत ओततात, ती वेगळीच.

हवेतला कार्बन डायऑक्साइड आता सुमारे ४२४ भाग आहे. हे वर्ष संपेल तेव्हा जागतिक हवामान संघटना जाहीर करेल, की २०२४ हे नोंदींच्या इतिहासातलं सर्वांत उष्ण वर्ष होतं, १८५०-१९०० च्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी वर. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला जगाने जी १.५ ची रेघ आखली, ती एका वर्षापुरती ओलांडली गेली. करारातली रेघ मात्र दीर्घ सरासरीची आहे, साधारण वीस वर्षांची. ती अजून मोडलेली नाही, पण फार दूरही नाही.

‘दीड अंश म्हणजे काय मोठं? सकाळ-दुपारमध्येच दहा अंशांचा फरक असतो,’ असं शेजारचा प्रवासी म्हणतो. त्याला दोन गोष्टी सांगता येतील.

पहिली, सरासरीत कुणी राहत नाही. २०११ ते २०२० या दशकात जगाची सरासरी १.०९ अंशांनी वाढली होती, पण समुद्र ०.८८ ने आणि जमीन १.५९ ने. जमिनीतही प्रत्येक प्रदेशाचं वेगळं. २ अंशांच्या जगात समशीतोष्ण पट्ट्यातले सर्वांत गरम दिवस सुमारे ४ अंशांनी तापतील आणि ध्रुवाजवळच्या सर्वांत थंड रात्री सुमारे ६ अंशांनी, असं आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञमंडळाने २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे. त्याच अहवालात पुढचं वाक्य आपल्यासाठी आहे: गरम दिवसांची संख्या सर्वांत जास्त वाढेल ती उष्ण कटिबंधात. त्यांच्याकडे अंश वाढतात, आपल्याकडे दिवस.

दुसरी गोष्ट, भारत अजून पूर्ण तापलेलाच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये संपादित केलेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, जगातल्या एकूण जमिनीपेक्षा कमी. याचं एक कारण आपल्या डोक्यावरची धुरकट हवा. तिच्यातले कण सूर्याचं थोडं ऊन परतवून लावतात आणि खरी वाढ झाकून ठेवतात. हवा स्वच्छ करायलाच हवी, फुप्फुसं वाचवायची तर दुसरा मार्ग नाही. पण ती स्वच्छ होईल तसा हा पडदा सरकेल, आणि मागे झाकलेली वाढ दिसू लागेल.

१६ एप्रिल, २०३० चं दशक : बोरिवली

इथून पुढे तारखेला वर्ष नाही, तापमानाची पातळी आहे. जगाची दीर्घ सरासरी आता १.५ वर टेकली आहे. आयपीसीसीच्या अंदाजात हे २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला घडतं. पुढे जे दिसेल ती भविष्यवाणी समजू नका. त्या पातळीच्या जगातला हा एक शक्य दिवस आहे.

तुम्ही बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाशी उभे आहात. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल मागे आहे आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पाने इथली सकाळ सुसह्य आहे. हायवे ओलांडून स्टेशनकडे चालू लागलात की प्रत्येक गल्लीगणिक हवा जड होत जाते. स्टेशनवर गर्दी एसी लोकलच्या फलाटावर. पहिली एसी लोकल इथूनच सुटली होती, २५ डिसेंबर २०१७ ला. तेव्हा तिच्याकडे लोक चैन म्हणून बघायचे.

मोबाइलवर सूचना येते: उष्णतेची लाट, दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. आजूबाजूचं कुणी मान वर करून बघत नाही, कारण अशी सूचना परवाही आली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईला फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला, तेव्हा ती पहिल्या पानाची बातमी झाली होती.

आता ती मिठागरातली बाई आठवा. तिच्या बांधावरून पाणी यायचं ते वर्षातल्या एखाद्या उधाणाला. खाडीची सरासरी पातळी वीतभर वाढली असं धरा. सर्वांत मोठं उधाण वीतभरच उंच होईल, बघणाऱ्याला फरकही कळणार नाही. पण पूर्वी बांधाखाली वीतभर थांबणाऱ्या सगळ्या भरत्या आता आत शिरतील, आणि वर्षातून एकदा येणारं पाणी पंधरवड्याला यायला लागेल. मुंबईच्या तापमानाचं तसंच आहे. इथे एका एप्रिलच्या आणि दुसऱ्या एप्रिलच्या सरासरीत मुळातच फार थोडा फरक असतो. चढउताराचा पट्टा अरुंद आहे, म्हणून सरासरी थोडी सरकली तरी ‘विशेष गरम’ म्हणावेत असे दिवस भराभर वाढतात. युरोपात एक वर्ष थंड, एक गरम असं चालतं. तिथे अर्धा अंश त्या चढउतारात हरवून जातो. आपल्याकडे त्याला लपायला जागा नाही.

आयपीसीसीचे २०२१ चे आकडे जगभरच्या जमिनीच्या सरासरीचे आहेत. १८५३ च्या जगात दहा वर्षांतून एकदा येणारा कडक दिवस १ अंशाच्या जगात दहा वर्षांत २.८ वेळा येतो. १.५ वर तो ४.१ वेळा येतो, आणि २ वर ५.६ वेळा. पन्नास वर्षांतून एकदा येणारा, आजोबांनी नातवंडांना सांगावा असा दिवस, १.५ वर पन्नास वर्षांत ८.६ वेळा. २ वर १३.९ वेळा.

१६ एप्रिल, शतकाचा मध्य : पुन्हा घाटकोपर

उत्सर्जन मध्यम वाटेने चालू राहिलं, तर जग शतकाच्या मध्याला २ अंशांवर पोचतं. असल्फ्याच्या टेकडीवर तुम्ही पुन्हा पोटमाळ्यावर आहात आणि रात्रीचे दोन वाजलेत.

दुपारबद्दल विचारलंत तर सांगण्यासारखं फार नाही. पारा चढला, वारा उशिरा आला, रस्ते ओस पडले. तसं ते गेल्या वर्षीही झालं होतं. खारघरसारखा एप्रिल आता दर दोन वर्षांनी येतो, त्यामुळे ‘त्या वर्षी’ म्हणून कुणी आठवण सांगत नाही.

रात्र मात्र वेगळी आहे. दिवसभर तापलेल्या भिंती आता उष्णता बाहेर टाकताहेत. वरची दमट हवा ती उष्णता आकाशात जाऊ देत नाही. पंखा तीच हवा फिरवतो. खालच्या मजल्यावरची म्हातारी उठून पाणी पिते, पुन्हा आडवी होते, पुन्हा उठते. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्री निवायचं असतं. हृदयाला विश्रांती मिळते ती तेव्हाच. ती मिळाली नाही, की दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवशीच्या थकव्यावर चढतं. उष्णतेच्या लाटेत माणसं पहिल्या दिवशी कमी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त दगावतात, याचं मोठं कारण हे. राष्ट्रीय अहवालात गरम दिवसांबरोबर गरम रात्रींची वाढ वेगळी मोजली आहे. उत्सर्जन बेसुमार राहिलं तर शतकाअखेर गरम दिवसांचं प्रमाण ५५ टक्क्यांनी वाढेल, गरम रात्रींचं ७० टक्क्यांनी.

आता शेवटची उडी. वर्ष तेच, रात्र तीच, खोली तीच. जग मात्र दुसरं. या जगाने २०२० च्या दशकात कोळसा झपाट्याने सोडला आणि तापमानवाढ १.५ च्या आसपास थोपवली. पंखा इथेही गरम हवाच फिरवतोय. तापमापक बघितलात तर निराशा होईल. आयपीसीसीच्या हिशेबात दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या कडक दिवसाचं तापमान १.५ च्या जगात १.९ अंशांनी वाढतं आणि २ च्या जगात २.६ ने. फरक जेमतेम ०.७ अंशांचा, आणि तो हाताला जाणवत नाही.

मग खालच्या मजल्यावर बघा. म्हातारी झोपली आहे. काल रात्री झोपली होती, परवाही. ही वाईट रात्र या वर्षी आली. मागची येऊन बरेच दिवस झालेत. मधल्या दिवसांत तिचं शरीर सावरलं. नाक्यावरच्या मजुराचे खाडे कमी झाले, शाळेला उन्हामुळे कमी सुट्ट्या द्याव्या लागल्या. दोन जगांतला अर्धा अंश तो एवढाच. आयपीसीसीने २०१८ मध्ये त्याची जगभरची बेरीज केली, तेव्हा उत्तर आलं: तापमानवाढ २ ऐवजी १.५ वर थांबवली, तर वारंवार भीषण उष्णतेच्या लाटांना तोंड द्यावं लागणारी माणसं सुमारे ४२ कोटींनी कमी होतील. २ अंशांवर कोलकात्यासारख्या शहरात २०१५ च्या जीवघेण्या लाटेसारखी परिस्थिती दरवर्षी येऊ शकते, असंही तोच अहवाल सांगतो.

परत, आज

तुम्ही ज्या वर्षी हे वाचता आहात, त्या वर्षी दोन्ही जगं अजून शक्य आहेत, पण सारख्याच शक्य नाहीत. जग आज ज्या धोरणांवर चालतं, ती तशीच राहिली तर शतकाअखेर वाढ ३ अंशांच्या घरात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये ३.१ हा आकडा दिला होता. १.५ ची रेघ हातची जवळजवळ गेलेली आहे. म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना असल्फ्याची रात्र दाखवावी लागते. रेघ ओलांडली की कडा कोसळत नाही. १.६ हे १.७ पेक्षा बरं आणि १.७ हे १.८ पेक्षा. प्रत्येक दशांशाला दिवसांचा आणि रात्रींचा हिशेब आहे.

एकट्या घाटकोपरमुळे किंवा बोरिवलीमुळे जगाचं तापमान ठरत नाही, हे खरं. पण जेवढे अंश वाढतील तेवढ्यात किती माणसं मरतील, हे मात्र बरंचसं इथेच ठरतं. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं. शहराचं तापमान दर दशकाला सुमारे ०.२५ अंशाने वाढतंय, हेही त्यात नोंदलं आहे. त्या आराखड्यात पुराला स्वतःचा विषय मिळाला. उष्णतेचा विचार मुख्यतः हरितीकरणाच्या पोटात आला. यात नवल नाही. २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर प्रत्येक मुंबईकराला पाठ आहेत, १४ एप्रिल १९५२ चे ४२.२ अंश कुणालाच नाहीत. पावसात लोकल थांबते. उन्हात थांबतो तो एखाद्या पोटमाळ्यावरचा श्वास, आणि त्याचा फोटो येत नाही. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर धडा घेतला आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता आराखडा केला: इशारे, पाणी, दवाखान्यांची तयारी, पुढे छतांना पांढरा रंग. यातलं काहीही मुंबईला न परवडणारं नाही.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये ‘यंदा विक्रम मोडला का’ असं विचारू नका. १९५२ चा आकडा आणखी वीस वर्षं टिकला, तरी त्याने काही सिद्ध होणार नाही. सांताक्रुझचा पारा ३७ च्या वर गेला ते दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा, झोप लागली नाही त्या रात्रीही टिपा. आणि मत मागायला उमेदवार दारात आला, की नालेसफाईबरोबर हेही विचारा: आपल्या वॉर्डात पत्र्याखाली झोपणारी माणसं किती आहेत, आणि त्यांच्या रात्रीसाठी तुम्ही काय करणार?